भरदुपारचं घुबड

घुबड ओरडलं भरदुपारी? बाई चक्रावल्याच. अंगणातल्या झाडावर त्यांनी रेकॉर्डर टांगला होता आणि पक्ष्यांचे आवाज ओळखून वेळेसकट दाखवणारं कम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर आठवडाभर हेच सांगत होतं. पक्षिमंडळात दाखवलं तर हसंच होणार. रेकॉर्डरचं घड्याळ चुकत असेल म्हणून त्यांनी टाइम झोन तपासला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, तरी तेच. त्याच रेकॉर्डिंगमध्ये शेजारच्या शाळेची घंटा मात्र वेळेवर वाजत होती. म्हणजे घड्याळ बरोबर होतं! न राहवून अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या दुपारीच घरी आल्या. झाडाखाली निवृत्त यजमान तोंडाशी ओंजळ धरून “हूऽऽ हूऽऽ” करत होते. “अहो, हे काय?” ते कानकोंडे झाले. “तू संध्याकाळी घुबडाला हाक मारतेस, कुणी उत्तरच देत नाही. म्हटलं, आपण शिकावं.” “सूर जरा खाली घ्या,” म्हणत बाईंनीही हात तोंडाशी नेले.