नोंद क्रमांक ४१२७

"काका, ही नोंद कुणाच्या नावावर टाकू?" अवंतिकाने स्क्रीन मुकुंदरावांकडे वळवली.

दौलतगंजातल्या त्या छोट्या कंपनीचं वीस वर्षांचं काम सबव्हर्जन या जुन्या नोंदप्रणालीतून गिट या नव्या प्रणालीत हलवणं चाललं होतं. शाळांचे निकाल तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या दिवशी कुणी काय बदललं, याच्या नऊ हजारांवर नोंदी होत्या. जुन्या नोंदींत नुसती लॉगिनची नावं, नव्या ठिकाणी पूर्ण नाव हवं. ती माणसं ओळखून द्यायला निवृत्त मुकुंदरावांना घरून बोलावलं होतं. तीन दिवस ते अवंतिकाशेजारी अवघडून बसत होते. आपलाच जुना कोड समोर आला की नजर खाली जायची.

४१२७ मात्र त्यांना पाठ होती. २०११चा मे महिना. कोडच्या एका ओळीत एकाचा फरक पडला आणि सात शाळांत प्रत्येक मुलाला शेजारच्या रोल नंबरचे गुण मिळाले. हुशार मुलं रडली, ढ मुलांच्या घरी पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी दहा वाजता साहेबांनी नोंदी उघडल्या, तर नाव निघालं जयसिंहरावांचं. जयसिंहराव सर्व्हर सांभाळायचे. कोडशी त्यांचा संबंध नव्हता. साहेबांनी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हो, मीच हात लावला." त्यांना सर्व्हरवरून उठवून फोनवर बसवलं. पुढची दोन वर्षं ते शाळांच्या शिव्या ऐकत राहिले.

निकालाआधीच्या संध्याकाळी ती ओळ आपणच बदलली होती, असं मुकुंदरावांना वाटत होतं. पण नोंद तर वेगळंच सांगत होती. घराला कुलूप लावून तीनदा परत जाऊन ओढून पाहणारा हा माणूस. आपल्या आठवणीपेक्षा त्यांनी नोंदीवर विश्वास ठेवला. एवढंच नाही, चहाच्या वेळी जयसिंहरावांना बाजूला घेऊन म्हणाले होते, "आपलं नसलेल्या कामात हात घालू नये." जयसिंहरावांनी मान खाली घालून ऐकून घेतलं होतं.

"ही जयसिंहरावांची," मुकुंदराव आता म्हणाले.

"नाव तर त्यांचंच आहे काका, पण ये देखिए." अवंतिकाने दुसरी फाईल उघडली. "जुन्या सर्व्हरवर कुणी नोंदीवरचं नाव बदललं, तर त्याची ओळ इथे पडायची. इतक्या वर्षांत एकच ओळ पडली आहे."

मुकुंदरावांनी वाचलं. साहेबांनी नोंदी उघडल्या त्याच दिवशी, सकाळी सात चाळीस. नोंद ४१२७. आधीचं नाव मुकुंद, नवं नाव जयसिंह. बदलणारा जयसिंह.

आपल्याला बरोबर आठवत होतं, याचा त्यांना क्षणभर आनंदच झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली.

"बदलू का? आत्ता सोपं आहे. एकदा गिटमध्ये गेलं की मुश्किल. फिर आगे की सारी हिस्ट्री नव्याने लिहावी लागते."

"माझं नाव घाल." ते उठले. "नाही, थांब. मी त्यांना सांगून येतो."

"फोन कर लीजिए ना."

"हे फोनवर नाही गं, बेटा."

दाना ओली गल्लीतल्या आपल्या घरी जयसिंहराव जिन्याखाली उकिडवे बसून इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालत होते.

"तुम्ही नाव बदललंत," मुकुंदराव दारातूनच म्हणाले.

जयसिंहरावांनी कुठलं नाव असं विचारलं नाही. "जरा लांब उभे राहा. अंगावर उडेल."

"का केलंत असं?"

"सकाळी सर्व्हर पाहायला गेलो, तर तुमचं नाव दिसलं. आदल्याच आठवड्यात तुम्ही एका शाळेचं नाव चुकीचं छापलं म्हणून राजीनामा खिशात घेऊन हिंडत होतात. हे कळलं असतं तर दिलाच असतात. मग ते सॉफ्टवेअर चालवायचं कुणी? मी?"

"दोन वर्षं शिव्या खाल्ल्यात."

"एक हेडमास्तर फार सुरेख द्यायचे. लिहून ठेवाव्यात अशा."

"आणि मी तुम्हाला उपदेश केला."

"आठवतंय. चांगला होता."

मुकुंदरावांना हसू आलं. ते पायरीवर टेकले. जयसिंहरावांनी सगळी बुचं नीट बसवली, फडक्याने बॅटरी पुसली.

"ती नोंद आता माझ्या नावावर घेतो," मुकुंदराव म्हणाले. "कंपनीतली मुलगी तिकडे थांबली आहे. चौदा वर्षं उशीर झाला, पण तुमचं नाव स्वच्छ होईल."

जयसिंहरावांचा हात फडक्यावरच थांबला.

"तसं करू नका, मुकुंदराव."

"अहो, चूक माझी आहे."

"असेल हो." ते फडक्याची घडी घालत राहिले. वर बघायला तयार होईनात. "तुम्ही सगळे लिहीत होतात, मी ते जपत होतो. रोज रात्री कॉपी काढायची, सकाळी तपासायची. मला स्वतःला एक ओळ कधी लिहिता आली नाही. त्या नऊ हजार नोंदींत माझं नाव तेवढ्या एकाच जागी आहे."