धोट्याची अंगाई

शेडमधले यंत्रमाग विकून टाकले, त्या रात्रीपासून आप्पांची तान्ही नात झोपेना. सगळं घर दबक्या पावलांनी वावरू लागलं. शांतता हवी म्हणून आप्पांनी पंखासुद्धा बंद केला, तर पोर आणखीच कळवळून रडली.

तिसऱ्या रात्री त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पोटात असल्यापासून पोरीनं मागांच्या खडखडाटाशिवाय एकही रात्र काढली नव्हती! आठवण म्हणून ठेवलेला मागाचा लाकडी धोटा काढून आप्पा पाळण्याच्या दांडीवर ठोकू लागले. खट्टक-खट, खट्टक-खट.

घटकाभरात पोर गाढ झोपली. आप्पांनी धोटा हलकेच खाली ठेवला.

चाळीस वर्षं मागांशेजारी झोपलेली त्यांची बायको आतून म्हणाली, "अवो, थांबलासा का? वाजवा की आणि जरा. आत्ता कुठं माझा डोळा लागत हुता."