घरघर

“हे सर्व्हरचं ग्राफिक्स कार्ड आहे, वहिनी,” कॉम्प्युटरचा पत्रा काढत सबनीस म्हणाले. “ऑफिसच्या सर्व्हररूममध्ये चोवीस तास वारा खेळतो, त्यात हे थंड राहतं. घरच्या डब्यात नुसतं तापतं. म्हणून तर अरविंदनं हा पंखा बांधला.”

ऑफिसनं मोडीत काढलेलं ते कार्ड अरविंदरावांनी हौसेनं घरी आणलं होतं. तेव्हापासून हॉलमध्ये अखंड घरघर. “घरात गिरणी घातलीय यांनी,” म्हणून शैलजा किती वेळा करवादली असेल. ते नुसते हसायचे. गेल्या महिन्यात ते गेले, घरघर मात्र राहिली. शेवटी तिनंच त्यांच्या या मित्राला बोलावून घेतलं.

सबनिसांनी ते पंख्यासकट काढून साधं, डेस्कटॉपचं कार्ड बसवलं आणि कॉम्प्युटर सुरू केला. “याला वाराबिरा लागत नाही. आता आवाज नाही यायचा.”

खरंच नाही आला. “बरं झालं,” म्हणत शैलजा स्वयंपाकघरात गेली. आधण ठेवलं आणि रोजच्या सवयीनं, पंख्याच्या वरताण आवाजात तिथूनच ओरडली, “अहो, ऐकलंत का, चहात आलं घालू?”

आज त्या आवाजाला अडवायला काहीच नव्हतं. तो घरभर फिरला आणि तिचा तिलाच ऐकू आला. ओट्याची कड धरून ती तशीच उभी राहिली.

प्रश्न कुणाला होता, ते सबनिसांना कळलं असावं. थोड्या वेळानं हॉलमधून स्क्रू सोडवल्याची खुडबुड आली, आणि मग ती जुनी घरघर.

तिच्या आडोशाला शैलजा पहिल्यांदा मोकळी रडली.