नळीच्या दुसऱ्या टोकाने

युद्ध पेटल्यापासून डोंगरावरच्या दुर्बिणीतून कुणी तारे पाहत नव्हतं. ताऱ्याचा उजेड केसाएवढ्या काचतंतूंमध्ये वाटून उपकरणांपर्यंत नेणारी बोटभर नळी शुभदा ढवळे यांनी घडवली होती. आता सैन्य त्याच नळीतून उलट्या दिशेने लेसर सोडायचं आणि आभाळातली विमानं पेटून पडायची.

त्या दुपारी पडद्यावर एक मोठं विमान आलं.

"मेजर, हे प्रवासी विमान आहे," शुभदाताई म्हणाल्या.

"शत्रूचं आहे. सोडा."

"अहो, आत लेकरंबाळं असतील!"

मेजर राणे यांनी त्यांना केस धरून बाजूला फेकलं आणि ते स्वतःच बटणाकडे वळले. शुभदाताईंनी भिंतीवरची आग विझवणाऱ्यांची कुऱ्हाड ओढली आणि सगळा जोर लावून नळीवर घातली. काचेचा चुरा उडाला. पुढच्याच क्षणी बंदुकीचा दस्ता त्यांच्या हातावर बसला, मग तोंडावर.

"पुन्हा बनव!" मेजर किंचाळले. "आत्ताच्या आत्ता!"

शुभदाताईंनी रक्त थुंकलं आणि चिरडलेली बोटं त्यांच्यापुढे धरली.

"कशानं बनवू?"

विमान घरघरत डोंगरावरून गेलं. त्याचा आवाज पार विरेपर्यंत त्या ऐकत राहिल्या.