होल्डची फाइल

वधू-वर मेळाव्यातला कॉम्प्युटर पुन्हा अडकला. पडद्यावर नुसती रेघ लुकलुकत होती आणि टेबलापुढची रांग वसईजवळच्या पापडी गावातल्या शाळेच्या हॉलबाहेर, पार व्हरांड्यापर्यंत गेली होती. एका वरपित्यानं तर जांभई देत विचारलं, मुलगा म्हातारा व्हायच्या आत यादी मिळेल ना? मेळावा भरवणाऱ्या सुधाकररावांनी घाम पुसला आणि शेवटी लेकीला हाक मारली.

खरं म्हणजे लेकीला आधीच बोलवायला हवं होतं. उन्नती अंधेरीच्या एका कंपनीत डेटाबेसचंच काम करायची. रखडलेला शोध पळता करायचा, याचाच तिला पगार मिळायचा, आणि त्या पगारावर धाकट्या भावाचं, वेदांतचं, इंजिनिअरिंग चाललं होतं. पण वधू-वर मंडळाच्या प्रोग्रामला हात लावायची तिला मनाई होती. बँकेतून व्हीआरएस घेतल्यावर सुधाकररावांनी वसईतच क्लास लावला, फॉक्सप्रो ही डेटाबेसची भाषा शिकून घेतली आणि हा प्रोग्राम स्वतः लिहिला. ते त्यांचं शेंडेफळच होतं.

मंडळात उन्नतीचाही फॉर्म होता, आईनं भरलेला. तीन वर्षांत एक स्थळ आलं नव्हतं. बाप जगाची लग्नं जुळवतोय आणि एकतीस वर्षांची पोरगी घरात, दिव्याखाली अंधार, असं नातेवाईक तिच्या तोंडावर म्हणत. चष्म्यामुळे असेल, उंचीमुळे असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

आज मात्र तिचं सगळं लक्ष आत्याकडे होतं. यमुनाआत्या ही सुधाकररावांची धाकटी बहीण. अंथरुणाला खिळलेल्या आजीचं करता करता तिची चाळिशी उलटली. गेल्या दिवाळीत तिनं धीर करून स्वतःच फॉर्म भरला होता. आता ती नवी साडी नेसून चहाच्या टेबलाशी उभी होती, आणि रांगेत पहिलाच नंबर विरारच्या एका बिजवर मास्तरांचा होता. त्यांना चाळिशीची, कोकणातली, शांत स्वभावाची बायको हवी होती. म्हणजे आत्याच. उन्नतीला आशा वाटली, वाटायला नको इतकी.

तिनं प्रोग्राम उघडला आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक मुलीची उंची, शिक्षण, नोकरी, पत्रिका असं सगळं तो आधी गोळा करायचा आणि मग वय बसत नाही म्हणून टाकून द्यायचा.

“बाबा, भात शिजल्यावर खडे निवडतात का?” तिनं विचारलं.

आधी वयाची चाळणी लावा, उरतील त्यांचंच बाकीचं बघा, वयाला इंडेक्स द्या म्हणजे दर वेळी पहिल्या नावापासून वाचत बसावं लागणार नाही, असं ती समजावत होती आणि बोटं चालवत होती. सुधाकरराव नव्या उमेदवारासारखी मान हलवत होते. त्यांना लेकीचा अभिमान वाटत होता आणि तो चेहऱ्यावर दिसतही होता.

शोध पुष्कळ सुधारला. तरी एका जागी तो अडखळतच होता. प्रत्येक नावापाशी प्रोग्राम ‘होल्ड’ नावाची दुसरीच एक फाइल उघडायचा, वाचायचा आणि बंद करायचा. ही उघडझाप कशासाठी, तिनं विचारलं. ती नियमाची आहे, तिला हात लावू नकोस, असं म्हणून सुधाकररावांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला. पण तोवर तिनं फाइल उघडली होती.

आत दोनच ओळी होत्या, नुसते नोंदणी क्रमांक. वरचा क्रमांक तिनं मूळ नोंदणीत टाकून पाहिला. नाव आलं यमुनाआत्याचं.

उन्नती सुन्न झाली. या फाइलीत ज्याचा क्रमांक, त्याचं नाव कुठल्याच यादीत कधीही येणार नव्हतं. मास्तरांचा कागद आत्याशिवायच छापून निघाला असता. फॉर्म फाडून टाकणं सुधाकररावांना जमलं नसतं. त्यांचा सारा जन्म बँकेत गेलेला. आलेला कागद नोंदवायचा आणि झालेली नोंद खोडायची नाही, हा त्यांचा धर्म. म्हणून त्यांनी नोंद ठेवली आणि माणूस झाकून टाकलं. त्या सचोटीपायीच प्रोग्राम रखडत होता.

तिकडे आत्या मास्तरांच्याच हातात चहाचा कप देत होती. उन्नतीला भडभडून आलं. रागही आला, असा की वडिलांच्या तोंडाकडे बघवेना. सख्ख्या बहिणीच्या बाबतीत असं करायला हात कसा धजावला, तिनं दबक्या आवाजात विचारलं. आजीचं कोण करणार, बाई ठेवायची आपली ऐपत आहे का, असं काहीबाही सुधाकरराव पुटपुटले.

“आजीचं मी करीन,” ती म्हणाली. “हे मी आत्ताच्या आत्ता काढतेय. दोन्ही.”

खालचा क्रमांकही अशाच कुणा बिचारीचा असेल, तिचंही भलं होईल, असं तिच्या मनात आलं. तिनं वरची ओळ खोडली. मग ती खालच्या ओळीवर आली.

सुधाकररावांनी तिचं मनगट धरलं.

“यमुनाचं काढलंस, ठीक आहे,” ते म्हणाले. “खालचं राहू दे. वेदांतचं कॉलेज अजून दोन वर्षं आहे.”