मंगळवारचं गिऱ्हाईक

"हेही नको," बाबा म्हणाले. "यात नवं माप घातलं की जुनं पुसलं जातंय."

ताईनं निमूटपणे ते ॲप फोनमधून काढून टाकलं. सकाळपासूनचं हे तिसरं. पहिलं ॲप नाव आणि नंबर घेतल्याशिवाय नोंदच करू देईना, आणि बाबांच्या मापांच्या वहीत गिऱ्हाइकांना नावं नसतातच. तिथं असतात 'पोस्टातले साहेब', 'चिडकी डॉक्टरीण', 'पोट आत ओढून उभा राहणारा'. दुसऱ्यात इतकी रंगीत चित्रं नाचत होती, की बाबांनी चष्माच काढून ठेवला होता.

"बाबा, घर घेताना तुम्ही एवढी चिकित्सा केली नव्हती."

"घर दहा जणांनी बघून दिलं होतं. दाखव पुढचं."

फोनच्या काचेवर बोटांचे ठसे उमटले होते. बाबांनी शिवणाच्या टेबलावरची फिकट निळी चिंधी उचलून काच पुसली आणि फोन तिच्यापुढे सरकवला.

ताई वाचनालयात कामाला होती. नोंदी करणं, त्या चटकन सापडतील अशा लावणं, हा तिचा हातखंडा. म्हणूनच गेल्या आठवड्यात बाबा म्हणाले, "डोळ्यांनी दगा दिलाय, ही वही मला फोनात घालून दे," तेव्हा तिनं लगेच होकार दिला. पण खरं सांगायचं तर तिला आयतं निमित्त मिळालं होतं. तिला बाबांशी बोलायचं होतं, धाकट्या भावाबद्दल.

नऊ वर्षांपूर्वी धाकट्यानं "मी शिलाई मशीनवर बसणार नाही" असं तोंडावर सांगितलं, आणि बाबांनी वहीतलं त्याच्या मापाचं पान टराटरा फाडलं. "या पोराचं माप इथून पुढं मला ठाऊक नाही," म्हणाले. तेव्हापासून घरात त्याचा विषय निघाला की बाबा उठून जात.

आणि आता धाकटा तीन आठवडे इस्पितळात पडून होता. ताई रोज संध्याकाळी वाचनालय बंद झालं की तिकडं जायची. कालही तो उशीला टेकून हसत होता. अंगात फिकट निळा सदरा, बाहीला मनगटापासून कोपरापर्यंत टिचबटणं, म्हणजे सलाइनची सुई लावायला बाही वर सारायला नको.

"छान सोय आहे रे. कुठून आणलास?"

"नर्सनं दिला. ताई, पुढच्या महिन्यात सोडतायत मला. तोवर बाबांना कळू देऊ नकोस. वचन दे. मी माझ्या पायांनी दुकानात जाईन, मग बघू काय म्हणतात ते."

तिनं वचन दिलं होतं. पण रात्रभर तिच्या जिवाला चैन नव्हतं. बापलेक असे एका गावात राहून एकमेकांना पारखे व्हावेत, याचं तिला मनस्वी दुःख होतं. वचन गेलं खड्ड्यात, आज बाबांना सांगायचं आणि हाताला धरून तिकडं न्यायचं, असं ठरवूनच ती आली होती. पण शब्द ओठांशी येऊन परत फिरत होते.

तिनं चौथं ॲप उघडलं. यात दर माणसाला एक पान, आणि त्यावर तारीखवार मापं एकाखाली एक.

"जुन्या तारखा घालता येतात?" बाबांनी विचारलं.

"येतात. जुनं काही पुसलं जात नाही. शिवाय माप कसं बदललं त्याची रेघही काढून देतं."

बाबांनी वही तिच्या हातात दिली. "मग हेच घे. वही मागून उघड. ताजी गिऱ्हाइकं आधी."

शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'मंगळवारचं गिऱ्हाईक'. ताईला कोण ते आठवेना. मंगळवारी वाचनालय दिवसभर उघडं, त्यामुळे ती त्या दिवशी दुकानात कधी नसायचीच. दोन वर्षांच्या नोंदी होत्या. ती टाइप करू लागली. छाती अडतीस, कंबर बत्तीस. मग सदतीस, तीस. मग पस्तीस, अठ्ठावीस. फोनवरची रेघ खाली उतरत चालली.

"हे गिऱ्हाईक भलतंच मनावर घेऊन बारीक झालंय की! विचारा तरी, काय खातात म्हणून."

"विचारलं होतं," बाबा म्हणाले. ते सुईत दोरा ओवत होते. दोरा तिसऱ्यांदा हुकला.

आता शेवटची नोंद राहिली होती, गेल्या मंगळवारची. छाती एकतीस. खाली बाबांच्या तिरप्या अक्षरात दोन ओळी होत्या.

'निजवून माप घेतलं. बाहीला टिचबटणं.

दोन शिवणार होतो. एकच पुरे म्हणाला.'

ताईचं बोट काचेवर तसंच राहिलं. शेजारी ती निळी चिंधी पडली होती.

"बाबा..."

बाबांनी मान वर केली नाही.

"ताईला यातलं काही सांगायचं नाही, असं वचन घेतलंय त्यानं माझ्याकडून," ते म्हणाले. "मी नाही हं सांगितलं. तू वाचलंस."