बार्सिलोना ते कोर्ट्राइक, सरळ रेषेत

आभाळाकडे बघून बघून ओडिलोनची मान आखडली होती. तोंड मात्र चालूच होतं.

"येणार. आज निळाच पहिला येणार."

निळा म्हणजे त्याचा नर. शर्यतीचं कबूतर. काल सकाळी बार्सिलोनात सोडलेला. तिथून बेल्जियममधल्या कोर्ट्राइकच्या या ढाबळीपर्यंत सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या वर. वाटेत डोंगर. ससाणे. उलटा वारा. हे अंतर ओडिलोनला मीटरपर्यंत पाठ होतं.

"आणि गोडेलीव कधी येणार?" शेजारच्या फिर्मिननं बिअरचा घोट घेत विचारलं.

गोडेलीव, ओडिलोनची बायको. तीही बार्सिलोनातच. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली होती. बाळ आता रांगायला लागलं होतं.

"तीपण येणार. विधुर पद्धत लावलीय, लेका."

"बायकोला?"

"मग! कबुतराला लागू पडते, तिला का नाही पडणार?"

विधुर पद्धत इथले सगळेच कबुतरबाज वापरतात. नराला जोडीदारणीपासून वेगळं ठेवायचं. शर्यतीला पाठवण्याआधी काही मिनिटं भेट घडवायची. भेट रंगात आली की उचलून टोपलीत. ओढीनं तो वाऱ्यासारखा घर गाठतो.

ओडिलोननं तेच केलं. नाताळात गोडेलीव चार दिवस आली, तेव्हा तो भरभरून बोलला. स्वतः ससा शिजवला. ती परत गेली.

मग फोन नाही.

एकही नाही. मुद्दाम.

"सात महिने झाले रे," फिर्मिन म्हणाला.

"लांब पल्ल्याचं पाखरू आहे ते. वेळ लागतो."

छपरावर फडफड झाली.

निळा!

एक क्षण कौलावर. मग पन्हळीवर. मग आत. उंबऱ्यावरचं वेळ नोंदवणारं यंत्र टुंग वाजलं. फिर्मिननं चार फोन फिरवले आणि ओरडला, "गावात पहिला! अजून कुणाचंच आलेलं नाही!"

ओडिलोननं त्याला कडकडून मिठी मारली. आणि त्या भरात, पद्धत मोडून, त्यानं बायकोला फोन लावला.

"गोडेलीव! निळा आला! थेट तुझ्या बार्सिलोनाहून! अंतर माहितेय ना तुला? दीड दिवसाच्या आत, आणि वाऱ्याच्या विरुद्ध!"

"शाब्बास त्याची," ती म्हणाली. "आणि विमानाला किती वेळ लागतो रे?"

ओडिलोननं फिर्मिनकडे पाहिलं.

फिर्मिननं खांदे उडवले.

"दोन तास," तीच म्हणाली.

"दोनच? मग ये की! मी तर मुद्दाम फोन केला नाही. म्हटलं, ओढ लागू दे. आपली ती पद्धत..."

"पद्धत मला शिकवतोस? तीस वर्षं ती ढाबळ मी झाडलीय." पलीकडे बाळ खिदळलं. तिनं त्याला उचलून घेतलं असावं. तिचा आवाज जवळून आला, हसरा. "नाताळापासून रोज दाराकडे बघतेय मी. वेड्या, त्या पद्धतीत मादी जागच्या जागी थांबते. उडत यायचं असतं नरानं."